प्लास्टिकविषयक आवाहनांतील ‘आपण’

प्लास्टिकचा वापर सर्वांनी मिळून कमी करावा, अशी मराठी आवाहने फलकांवर, शालेय प्रतिज्ञांत व नगरपालिकांच्या पत्रकांत सर्वत्र आढळतात. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सहकार्याची हाक ज्या भाषेत दिली जाते, त्या भाषेतच कामाची वाटणीही होत असते. म्हणून या आवाहनांचे व्याकरण तपासणे हा केवळ वैयाकरणाचा छंद ठरत नाही.

या आवाहनांचा आधार ‘आपण’ हे सर्वनाम होय. श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि त्यास सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद मराठीने राखला आहे. सामुदायिक कार्यास याहून सोयीचे सर्वनाम नाही. पण हेच ‘आपण’ आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही काम करते. ‘आपण पिशवी टाळतो’ आणि ‘आपण पिशवी टाळता’ या वाक्यांत क्रियापद अर्थ निश्चित करते. ‘आपण पिशवी टाळावी’ या विध्यर्थी रचनेत मात्र क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, कर्त्याचा पुरुष दाखवीत नाही. आणि ‘आपण सारे’ की ‘तुम्ही’ हा प्रश्न अनुत्तरित राहतो. आवाहनांची आवडती रचना नेमकी हीच आहे. हाक सर्वांना, आज्ञा मात्र एकट्या ग्राहकास, असे तिचे स्वरूप होते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, आवाहन म्हणजे शास्त्रीय ग्रंथ नव्हे आणि अशी संदिग्धता ही सौजन्याचीच एक रीत आहे. आक्षेप काही अंशी रास्त आहे. परंतु या सौजन्याआड जो कर्ता झाकला जातो, तो गौण नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार २०१९ मध्ये प्लास्टिकमुळे सुमारे १.८ अब्ज टन हरितगृह वायू वातावरणात गेले. जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या ते ३.४ टक्के होते, आणि त्यांतील सुमारे ९० टक्के भाग खनिज इंधनापासून प्लास्टिक तयार करण्याच्या व त्यास आकार देण्याच्या टप्प्यांवरचा होता. म्हणजे पिशवी ग्राहकाच्या हाती येण्यापूर्वीच तिचा हवामानावरील भार बहुतांशी पडून गेलेला असतो. ‘टाळावी’ हे क्रियापद मागणीच्या वाटेने तेथवर पोहोचते. ‘फेकू नये’, ‘वेगळी ठेवावी’ ही तेथे पोहोचत नाहीत.

कायद्याची भाषा या बाबतीत अधिक नेमकी आहे. महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने उत्पादन, वापर, विक्री, वाहतूक व साठवणूक या क्रिया स्वतंत्रपणे नमूद केल्या होत्या. केंद्र शासनाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वेष्टनांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादक, आयातदार व नाममुद्रेचे मालक यांच्यावर टाकली. आवाहनात उतरताना या मालिकेतील ‘वापर’ तेवढा उरतो.

मालिकेच्या दुसऱ्या टोकाचे कचरावेचकही ‘आपण’मध्ये दिसेनासे होतात. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. नावात प्लास्टिक नाही, कष्टकरी मात्र आहेत. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचा २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार झाला. या व्यवस्थेत कचरा वेगळा करून कोणी द्यावा, घरोघरी जाऊन तो कोणी गोळा करावा आणि त्याचे शुल्क कोणी भरावे, हे कर्त्यांसह ठरलेले आहे. सहकार्य येथे सर्वनामाने नव्हे, नामांनी सिद्ध झाले.

जागतिक प्लास्टिक कराराच्या वाटाघाटी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे निष्फळ ठरल्या. उत्पादनावर मर्यादा घालावी की नाही, हा त्यामागील एक प्रमुख वाद होता. तो मराठी फलकांनी सोडवावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. ‘आपण’ म्हणजे कोण, त्यांतील कोणी काय करावयाचे व केव्हापर्यंत, एवढे मात्र त्या फलकांवर लिहिता येण्यासारखे आहे.