प्रोक्लसची स्तोत्रे : तत्त्वज्ञाची उपासना

इ. स. 485 मध्ये अथेन्स येथे प्रोक्लसचे निधन झाले. त्यानंतर त्याचा शिष्य मॅरिनस याने लिहिलेले चरित्र सद्गुणांच्या चढत्या श्रेणींनुसार रचलेले आहे. त्यातील प्रोक्लस सूर्योदय, मध्यान्ह व सूर्यास्त या तिन्ही समयी सूर्याला वंदन करतो. पार्थेनॉनमधील अथेनाची मूर्ती हलविली गेल्यावर देवी आपल्या घरी वास्तव्यास येऊ इच्छिते, असे स्वप्न त्याला पडते. सार्वजनिक पूजेवर बंदी आल्यावर उपासनेने घराचा आश्रय घेतला, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

मात्र शिष्याच्या आदरभावामुळे चरित्रनायक प्रारंभापासूनच सिद्धपुरुष भासतो. त्याची व्याकुळता चरित्रात फारशी उमटत नाही. ही उणीव प्रोक्लसची उपलब्ध सात स्तोत्रे भरून काढतात. प्लेटोच्या संवादांवर विस्तृत भाष्ये लिहिणारा हा पंडित तेथे ज्ञानाचा प्रकाश, आरोग्य आणि अपराधांची क्षमा याचितो. आत्म्याचे ऊर्ध्वगमन केवळ बुद्धिबळाने साधत नाही, त्यास देवतांचे साहाय्य लागते, ही त्याची धारणा होती. म्हणूनच तत्त्वचिंतन व प्रार्थना यांना परस्परविरोधी मानणारी दृष्टी प्रोक्लसच्या आकलनास अपुरी ठरते.