जीनी डीन्सची शपथ

सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांत किल्ले, टोळ्या आणि तलवारी फार. म्हणून मनुष्याच्या अंतःकरणांतील झगडा दाखविण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं नव्हतें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. 'हार्ट ऑफ मिडलोथियन' (१८१८) लक्षपूर्वक वाचणारास हें मत आमच्याप्रमाणेंच उथळ वाटेल.

प्रसंग असा. जीनीची धाकटी बहीण एफी अविवाहित असतां प्रसूत झाली व मूल नाहींसें झालें. १६९० च्या स्कॉटिश कायद्यानें, गरोदरपण लपविणाऱ्या अशा स्त्रीवर बालहत्येचा आरोप शाबीत धरीत. एका तरी माणसास तिनें तें सांगितलें होतें एवढें सिद्ध झालें कीं फांस टळे. 'मला सांगितलें होतें' इतकेंच जीनीनें बोलावयाचें होतें. एफी निरपराध आहे अशी तिची खात्री होती. पण हें बोलणें खोटें होतें, आणि शपथ ईश्वरासमक्ष होती.

येथें दुय्यम दर्जाच्या लेखकानें चार पानें स्वगत घातलें असतें. स्कॉटनें काय केलें तें पाहावें. जीनीचा बाप डेव्हिड कट्टर कॅमेरोनियन. ज्या सरकारनें धर्मकरार मानला नाहीं त्याच्या न्यायालयांत साक्ष देणें हेंच पाप नव्हे काय, ही त्याची शंका. तो मुलीस म्हणतो, तुझ्या विवेकबुद्धीस पटेल तें कर. मुलगी समजते, बाप खोट्या शपथेची मोकळीक देत आहे! दोघेंही धर्मनिष्ठ, एकमेकांवर जीव टाकणारीं. ज्यानें धर्म शिकविला त्याचाच आधार सुटला, तेव्हां जीनी खरी एकटी पडते.

स्वतःचा आत्मा निष्कलंक राहावा म्हणून बहिणीचा बळी देणें हा सूक्ष्म स्वार्थच, असा आक्षेप तिच्यावर घेतां येईल. तो पोकळ नाहीं. आमच्या धर्मराजानें द्रोणवधाच्या वेळीं अक्षर राखलें व अर्थ सोडला; चार बोटें वर चालणारा त्याचा रथ भूमीस टेकला. जीनीनें तसली पळवाट शोधलीच नाहीं. एफीस देहान्ताची शिक्षा होतांच ही गवळ्याची मुलगी एडिंबरोहून लंडनची बरीचशी वाट पायीं तुडविते, ड्यूक ऑफ अर्गाइलच्या मध्यस्थीनें राणी कॅरोलाइनपुढें उभी राहते, आणि माफी मिळविते. एका खोट्या शब्दानें जें साधलें असतें त्याची किंमत ती देहानें देते. आक्षेपास याहून चांगलें उत्तर आम्हांस सांपडत नाहीं.

चौथा खंड मात्र नकोसा होतो. जेवण आटोपलें तरी पाहुणा उठत नाहीं तसें वाटतें. त्यांतलें एफीचें पत्र तेवढें वाचावें. लेडी स्टॉन्टन होऊन ती वैभवांत वावरते, आणि पूर्वायुष्य लपविण्यासाठीं नित्य खोटें बोलावें लागतें म्हणून बहिणीजवळ रडते.