ओवीची चाल आणि चित्रपटाचे संगीत : ‘मानिनी’तील बहिणाबाईंच्या गाण्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

जळगाव शहरालगतचे असोदा हे गाव कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. २४ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचा येथे जन्म झाला आणि तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी कुटुंबात विवाह झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम व शेतकाम करताना त्यांनी रचलेल्या ओव्या घरच्या माणसांनी, मुख्यतः पुत्र कवी सोपानदेव यांनी, कागदावर उतरवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे नऊ वर्षांनी, १९६१ मध्ये, अनंत माने दिग्दर्शित ‘मानिनी’ या चित्रपटात त्यांतील काही गाणी वसंत पवार यांच्या संगीतात ऐकू आली.

आज असोद्यात, जळगावात किंवा महाराष्ट्रात कोठेही एखाद्या विद्यार्थ्यास ‘अरे संसार संसार’ म्हणावयास सांगावे. तो ‘मानिनी’चीच चाल म्हणतो. ही बहिणाबाईंची चाल नव्हे, असे सांगितल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. चित्रपटातील संगीताच्या प्रयोजनांचा विचार या शांततेपासून सुरू करावासा वाटतो.

प्रयोजनांची रूढ चर्चा :

अमेरिकन संगीतकार एरन कोपलंड यांनी १९४९ साली चित्रपटसंगीताची पाच कार्ये सांगितली होती. स्थळकाळाचे वातावरण निर्माण करणे, पात्राच्या मनातील अव्यक्त भाव अधोरेखित करणे, पार्श्वभूमीची पोकळी भरून काढणे, तुटक दृश्यांत सातत्य आणणे आणि नाट्याला उठाव देऊन शेवटाची जाणीव करून देणे, ही ती कार्ये होत. ही यादी पार्श्वसंगीताला नजरेसमोर ठेवून केलेली आहे. आपल्याकडे ती उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरते आणि मराठी चित्रपटाचा कणा असलेले गाणे तिच्या बाहेरच राहते. आपल्या चित्रपटातील गाणे कथेला मदत करते, पण कथेवर अवलंबून राहत नाही. ते चित्रगृहातून बाहेर पडते, तबकडीवर चढते, आकाशवाणीवर वाजते, लग्नाच्या मांडवात शिरते. चित्रपट विस्मृतीत गेला तरी गाणे उरते. तेव्हा चित्रपटात त्याचे प्रयोजन काय, या प्रश्नाबरोबरच चित्रपटाबाहेर ते काय करते, हाही प्रश्न विचारणे भाग आहे.

या दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात सापडते. त्यातील ‘आधी बीज एकले’ हे पद शांताराम आठवले यांनी लिहिले, केशवराव भोळे यांनी त्यास चाल दिली आणि लोकांनी ते तुकोबांचा अभंग म्हणून स्वीकारले. तेथे नव्या शब्दांना परंपरेचे वय मिळाले. ‘मानिनी’त घडले ते याच्या उलट आहे. शब्द अस्सल होते, चाल नवी होती, आणि वय मिळाले ते चालीला.

जात्यावरचे संगीत :

जात्यावरच्या ओवीतील संगीताचे प्रयोजन भावना व्यक्त करणे हे नाही, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. ते प्रयोजन श्रमाचे आहे. खुंट्याला हात, जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे आणि फेऱ्याबरोबर पुढे-मागे होणारे शरीर, यांच्याशी गळा बांधलेला असतो. कडव्याच्या शेवटी श्वास घेतला जातो, तो दळणारीला दम लागतो म्हणून. स्वरांचा पल्ला लहान असतो. साथीला जात्याची घरघर तेवढी असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकच गळा सुखालाही चालतो आणि दुःखालाही. लेकीचे कौतुक, भावाची वाट, नणंदेवरचा राग, विठ्ठलाचे दर्शन, सारे एकाच चालीत दळले जाते. भाव शब्दांत असतो. चाल ते शब्द केवळ वाहून नेते.

बहिणाबाईंची अष्टाक्षरी रचना या शिस्तीत वाढलेली आहे. त्या रचनेत दुःख आहे, पण केवळ दुःख नाही. संसाराला तव्याची उपमा देणाऱ्या कवितेतसुद्धा एक उपमा मांडायची, ती खोडायची, दुसरी मांडायची, अशी वाद घालण्याची रीत आहे. बोलता बोलता मध्येच मिश्किलपणा डोकावतो. शेजारीण समोर बसली आहे आणि तिला काही पटवून द्यायचे आहे, असा त्या कवितेचा सूर आहे.

पडद्यावरचे संगीत :

गाणे पडद्यावर कसे दिसते यापेक्षा ते कानाला कसे ऐकू येते, एवढाच विचार येथे केला आहे. वसंत पवार व अनंत माने या जोडीने दोनच वर्षांपूर्वी ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) हा चित्रपट केला होता आणि पुण्यातील विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. त्यात लावणी होती. लावणी मुळातच प्रेक्षकांसमोर सादर करण्याची कला. फडावरून पडद्यावर येताना तिला आपले प्रयोजन बदलावे लागले नाही. समोरची माणसे बदलली, इतकेच. ओवीला मात्र श्रोताच नसतो. जी दळते तीच म्हणते आणि तीच ऐकते. तिला पडद्यावर आणायचे तर आधी तिच्यासाठी श्रोता निर्माण करावा लागतो, आणि हे काम संगीतकाराचे.

पवार यांनी ते कौशल्याने केले, हे मान्य केले पाहिजे. सुमन कल्याणपूर यांच्या आवाजातील ‘अरे संसार संसार’ संथ लयीत चालते. कडव्यांच्या मध्ये वाद्यमेळाच्या जागा येतात आणि शब्दाला विसावा मिळतो. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत मावण्यासाठी लांबलचक कवितेतील मोजकी कडवी निवडली जातात. या सर्वांमुळे कविता स्पष्ट ऐकू येते, पण वाद घालणारी बाई मागे सरते आणि सोसणारी बाई पुढे येते. कोपलंड यांच्या भाषेत येथे संगीताने पात्राच्या मनातील अव्यक्त भाव अधोरेखित केला. परंतु बहिणाबाईंच्या कवितेत अव्यक्त असे फारसे काही नव्हतेच. त्या सर्व स्पष्ट बोलून मोकळ्या झालेल्या होत्या. चित्रपटाला नायिकेची कणव हवी होती आणि चालीने ती पुरवली.

याच संदर्भात जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ आठवतो. ना. धों. महानोर यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत असलेल्या त्या चित्रपटात गाणे एकट्या पात्राच्या मनाचे राहत नाही. ते कथा पुढे नेते, ढोल वाजवणाऱ्या नाग्याच्या वस्तीचा सामूहिक आवाज होते. लोकसंगीताला चित्रपटात असेही प्रयोजन देता येते. ओवीच्या वाट्याला मात्र ते आले नाही.

चाल कोणी हिरावली?

येथवरचे विवेचन वाचून चित्रपटाने ओवीची चाल हिरावून घेतली, असा आरोप करण्याचा मोह होतो. आपल्या भागातील व्याख्यानांतून तो ऐकूही येतो. प्रस्तुत लेखकास तो अन्यायाचा वाटतो. चाल हरवली ती १९६१ मध्ये नव्हे, तर त्याआधीच. ओव्या वहीत उतरल्या तेव्हा शब्द उतरले, गळा उतरला नाही. सोपानदेवांना त्यासाठी दोष देता येणार नाही. त्यांच्या हाती लेखणी होती, ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते. १९५२ च्या संग्रहाचे नाव ‘बहिणाबाईंची गाणी’ असे आहे, तरी आपण ते कवितासंग्रह म्हणूनच वाचले, अभ्यासक्रमाला लावले, त्यांतील उपमांवर टिपा लिहिल्या. गाणी न गाता वाचण्याची ही सवय साहित्याच्या प्राध्यापकांनीच लावली. ‘मानिनी’ने ती मोडली आणि रिकाम्या जागी एक चाल ठेवली. जागा आधीपासून रिकामी होती.

चित्रपटाकडून झालेली हानी निराळी आहे. रिकाम्या जागेची जाणीवच त्याने पुसून टाकली. चाल इतकी शोभून दिसली की मूळ चाल कोणती, हे विचारण्याचे कुणाला सुचले नाही. भाषेच्या बाबतीतही काहीसे असेच घडते. आपल्याकडची मुले ही गाणी म्हणताना कित्येकदा ‘ले’ या घरच्या प्रत्ययाऐवजी ‘ला’ म्हणून जातात. घरी आजीशी बोलताना त्यांच्या तोंडी ‘ले’ सहज येतो. गाण्यात मात्र तो त्यांना अशुद्ध वाटतो.

बहिणाबाईंचा स्वतःचा गळा आता मिळणार नाही. तथापि, ज्या गळ्यावर त्यांच्या पिढीने दळण दळले तो अद्याप पूर्णपणे गेलेला नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांनी पुणे जिल्ह्यातील मुळशी-मावळ परिसरात सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आणि त्यांतील अनेक प्रत्यक्ष गात्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. असोदा आणि भोवतालच्या गावांत ज्या वृद्ध स्त्रियांनी लहानपणी आईबरोबर खुंट्याला हात लावला आहे, त्यांच्याकडे हे काम आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना करता येईल. त्यासाठी खिशातील मोबाइल पुरेसा आहे. मात्र ओवी म्हणण्याची विनंती केल्यावर आजीबाईंनी ‘मानिनी’ची चाल धरली, तर त्यांना थांबवू नये. ती संपू द्यावी आणि मग विचारावे, तुमची आई दळताना कसे म्हणायची?