अपेक्षांची यादी आणि निवडीचा अधिकार : विनोदाच्या एका आशयसूत्राचा तौलनिक विचार

आदर्श जोडीदाराच्या गुणांची अशक्यप्राय यादी हे विनोदाचे एक जुने आणि अनेक भाषांत आढळणारे आशयसूत्र आहे. रूप, कुल, विद्या, वित्त आणि शील ही सर्व एकाच व्यक्तीच्या ठायी शोधणारा माणूस अतिलोभामुळे हास्यास्पद ठरतो, असे सामान्यतः मानले जाते. तथापि या आशयसूत्रावरील काही कृती शेजारी ठेवून वाचल्या असता हे स्पष्टीकरण अपुरे वाटू लागते. यादी कोण करते आणि तिचे फळ कोणाला भोगावे लागते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

शेक्सपिअरच्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये (मुद्रित आवृत्ती १६००) बेनेडिक संपत्ती, शहाणपण, सदाचार, सौंदर्य, सौम्यता, कुलीनता, संभाषणचातुर्य आणि संगीत एवढे सारे एकीच्याच ठिकाणी मागतो, केसांचा रंग मात्र ईश्वराच्या मर्जीवर सोडतो. ही यादी वस्तुतः लग्न टाळण्याची तजवीज आहे. त्याच प्रवेशात बिॲट्रिसचे आपल्यावर प्रेम असल्याचे मुद्दाम त्याच्या कानी घातले जाते आणि तो तिचे सौंदर्य, सदाचार व शहाणपण एकेक करून मान्य करतो. बिॲट्रिस बदललेली नसते. नकाराचे साधन असलेली यादी आता होकाराचे समर्थन बनते. प्रेक्षक बेनेडिकला हसतात, पण त्याला शासन होत नाही.

ला फोंतेनच्या सातव्या पुस्तकातील (१६७८) बोधकथेत मात्र यादी करणारी मुलगी आहे. तिला तरुण, देखणा, शालीन, धनिक, कुलीन आणि बुद्धिमान वर हवा असतो. स्थळे नाकारता नाकारता तारुण्य ओसरते आणि शेवटी एका ओबडधोबड माणसावर तिला समाधान मानावे लागते. मासे नाकारून गोगलगायीवर भूक भागविणाऱ्या बगळ्याची कथा हिच्याच जोडीला येते. बेनेडिकच्या बाबतीत नाटककाराने वयाचा हिशेब मांडलेला नाही. येथे तोच शिक्षेचे साधन झाला आहे.

गोगोलच्या ‘विवाह’ (१८४२) या नाटकात ही विषमता उघडी पडते. अगाफ्या तिखोनोव्हना एकाचे ओठ, दुसऱ्याचे नाक, तिसऱ्याचा मोकळेपणा आणि चौथ्याचा भारदस्तपणा एकत्र करू पाहते. हे स्वगत विशेष गाजले. परंतु तिच्या दारी आलेल्या पुरुषांच्याही याद्या आहेत. एकजण हुंड्याची यादी पडताळून पाहतो. दुसऱ्याला स्वतः फ्रेंच येत नसताना फ्रेंच बोलणारी वधू हवी असते. अगाफ्या चिठ्ठ्या टाकते, तर सगळ्याच चिठ्ठ्या एकदम हाती येतात. निवडीची सवय नसलेल्या व्यक्तीला अकस्मात निवडीचा भार पेलावा लागला, तर काय होते, ते या प्रसंगात दिसते. अखेर ज्याची निवड होते, तो वर खिडकीतून उडी टाकून पळून जातो.

रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे मराठी वाचकाला परिचित असलेली महाभारतातील दमयंतीची कथा या संदर्भात वेगळी ठरते. हंसाने केलेले नलाचे गुणवर्णन हीही एक यादीच. पण महाभारतातील स्वयंवरमंडपात चार देव नलाचे रूप धारण करून उभे राहतात आणि यादी निरुपयोगी होते, कारण तिच्यात पाचही जण बसतात. दमयंतीने सत्याची शपथ घालताच देव आपली चिन्हे प्रकट करतात : घाम नाही, पापणी लवत नाही, पाय भूमीला टेकत नाहीत. सावली, धूळ आणि कोमेजलेली माळ ज्याच्या अंगी आहे, तो नल. नलही सर्वगुणसंपन्नच आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु त्याची ओळख गुणांवरून पटत नाही, मर्त्यतेच्या खुणांवरून पटते.

यावरून असे म्हणता येईल, की या विनोदाचे मूल्यमापन यादीच्या लांबीवरून करणे पुरेसे नाही. स्त्रीची यादी हास्यास्पद ठरविणारी कृती लोभाला हसते, की निवड करण्याच्या अधिकारालाच हसते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागेल. ला फोंतेनची बोधकथा या कसोटीवर संशयास्पद ठरते. गोगोलचे नाटक, सर्वांनाच यादी देऊन, तीतून पार पडते.