उपासनेतला ‘आम्ही’

मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ अशी दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला आपल्यात घ्यायचे असेल तर ‘आपण’; तो पलीकडे उभा असेल तर ‘आम्ही’. इंग्रजीला हे दोन्ही व्यवहार एकाच शब्दावर भागवावे लागतात. वर्गात हा भेद मी वीस-बावीस वर्षे शिकवीत आलो. पण त्याचे मोल मला कळले ते शाळेत नव्हे, गडचांदुरातल्या एका भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या ख्रिस्ती उपासनेत.

मी ख्रिस्ती नव्हे. माझे एक वयस्क सहकारी दर रविवारी तेथे उपासना चालवीत. ते दीक्षा घेतलेले पाळक नव्हते. पाळकसाहेब महिन्यातून एखादे वेळी येत. उरलेले रविवार या मास्तरांचे. मी कुतूहलाने एकदा गेलो आणि पुढे अनेकदा गेलो. समोर बसणारी मंडळी म्हणजे सिमेंट कारखान्यातले कामगार, दोन परिचारिका, काही शेतमजुरांची कुटुंबे आणि मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या चार म्हाताऱ्या. तेलंगणाची सीमा येथून दूर नाही. त्यामुळे कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी हिंदी. उपासना मात्र मराठीत.

मास्तर प्रार्थनेला उभे राहिले की ‘आम्ही’ म्हणत आणि शास्त्रातला उतारा समजावून देऊ लागले की ‘आपण’ म्हणत. ‘तुम्ही’ हा शब्द त्यांच्या तोंडी येई तो ‘तुम्ही पुढे सरकून बसा’ एवढ्यापुरता. हे ते ठरवून करीत असे मला वाटत नाही. पण उपासना चालविणे ही बोलीची कला मानली, तर तिची सारी परीक्षा या तीन सर्वनामांत आहे, असे माझे मत होऊन बसले आहे. तेच येथे मांडतो.

प्रार्थनेतला ‘आम्ही’ दिसतो तितका सोपा नाही. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत ‘माझा’ हा शब्द एकदाही येत नाही. पिता आमचा, भाकर आमची, अपराधही आमचे. एकांतात ही प्रार्थना म्हणणाऱ्यालाही आपल्यामागे मंडळी आहे असे धरूनच ती म्हणावी लागते. उपासना चालविणारा माणूस हा ‘आम्ही’ मोठ्याने उच्चारतो, तेव्हा तो शंभर जणांच्या वतीने सही करीत असतो. ती सही खोटी ठरण्याची वाट फार जवळून जाते. मराठीत ‘आम्ही’ हा सरदारांचा आणि संपादकांचाही शब्द आहे. आवाज थोडा चढला की मंडळीचा ‘आम्ही’ गळून पडतो आणि वक्त्याचा उरतो. दुसरी वाट याहून वाईट. डोळे मिटून देवाला उद्देशून बोलता बोलता माणूस समोरच्यांना फैलावर घेऊ लागतो: ‘प्रभू, येथे असे काही जण आहेत की जे...’ प्रार्थनेत उलट उत्तर कोणी देत नाही, म्हणून हे धैर्य. मी हे एका ठिकाणी ऐकले आहे. त्यात व्याकरणाने देवाला संबोधन होते, पण सारे बोलणे तिसऱ्या रांगेतल्या एका माणसाशी चालले होते.

आता गीतांकडे वळू. कारण मंडळी बोलते ती मुख्यतः गीतांत. मराठी ख्रिस्ती उपासनेत नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) स्थान काय आहे, हे शाळेच्या पुस्तकातून ‘वनवासी फूल’ वाचणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची गीते आजही रविवारी शेकडो मंडळ्यांत उभ्याने गायिली जातात. असा नित्याचा वाचक मराठीतल्या किती कवींच्या वाट्याला आला आहे? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. त्यांच्या अभंगांत बहुधा ‘आम्ही’ नसतो, ‘मी’ असतो आणि शेवटी ‘दास’ ही मुद्रिका. मग मी वर काढलेला नियम टिळकांनी मोडला काय? मला वाटते, नाही. संतांच्या अभंगातला ‘मी’ हा रिकाम्या आसनासारखा असतो. जो म्हणेल तो त्यावर बसतो. ‘दास’ हे तर कोणाचेच नाव नव्हे, म्हणून ते सर्वांना लागू पडते. म्हातारी तो अभंग म्हणते तेव्हा ती टिळकांची प्रार्थना म्हणत नसते, स्वतःचीच म्हणत असते. एकट्याचा शब्द सर्वांच्या तोंडी देण्याची ही युक्ती आपल्या भक्तिपरंपरेत शतकानुशतके सिद्ध झालेली होती. टिळकांनी ती ओळखली, यात त्यांचे मोठेपण आहे.

त्यांच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी कीर्तनाचा साज ख्रिस्ती कथेला चढविला होता. कीर्तन माणसे जमविते आणि धरून ठेवते. परंतु कीर्तनात बोलणारा एक आणि ऐकणारे पुष्कळ. उपासनेत हे प्रमाण उलटावे लागते. म्हणून कीर्तनकाराचे गुण अंगी असलेला माणूस उपासना चालवू लागला की त्याने थोडे भ्यावे, असे मी म्हणेन.

चालींचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. मिशनच्या काळात इंग्रजी गीते भाषांतरित झाली आणि त्याच चालींवर म्हटली जाऊ लागली. माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराच्या कानाला त्यात काय बोचते ते सांगतो. इंग्रजी चाल आघातावर चालते. जेथे आघात पडतो तेथले अक्षर लांबते. तेथे नेमका आपला ऱ्हस्व आला, तर ‘दिन’चा ‘दीन’ होतो आणि ‘सुत’चे ‘सूत’. देवाचा पुत्र चरख्यावर जाऊन बसतो! अभंग-ओवीतही अक्षरे लांबतात, पण तेथे लघुगुरूचा हिशेबच नसतो. सारीच अक्षरे सारख्या मापाने लांबतात, म्हणून कान फसत नाही. शिवाय सहा-सहा अक्षरांचा तो चरण एका श्वासात मावतो. दळताना ओव्या म्हणत वाढलेल्या पिढीला तो शिकवावा लागला नाही.

तरीही हा स्वदेशी-विदेशीचा झगडा आहे असे मी मानीत नाही. काही परक्या चाली शंभर वर्षांच्या वापराने गुळगुळीत झाल्या आहेत आणि मागच्या भिंतीजवळच्या म्हाताऱ्यांनाच त्या सर्वांत प्रिय आहेत. चाल कोठली, हा प्रश्न नव्हेच. मंडळीचा श्वास तीत पुरतो की नाही, हे पाहावे.

युरोपातही हा प्रश्न आला होता. सतराव्या शतकातल्या इंग्लंड-स्कॉटलंडात पुष्कळांना वाचता येत नसे. तेव्हा पुढाऱ्याने स्तोत्राची एक ओळ म्हणावी आणि मंडळीने ती गावी, अशी वहिवाट पडली. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या वंशजांनी ती आपल्या गळ्यात घोळवून काही निराळेच गायन निर्माण केले. वैदर्भी माणसाला यात काय नवल? गावच्या भजनी मंडळात हेच चालते. चिमूरच्या भूमीशी नाते असलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली, तिचे मर्मही हेच. खंजिरी त्यांच्या हातात असे, पण प्रार्थना गावाच्या तोंडी राहिली. त्यांच्यामागे ती चालू आहे, याचे कारण ते.

चांद्याला हा इतिहास परका नाही. स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ठाण मांडले. केरळी परंपरेच्या सिरो-मलबार चर्चचे चांदा क्षेत्र १९६२ साली वेगळे झाले. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी केली. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन निरनिराळे प्रॉटेस्टंट पंथ एका छत्राखाली आले. या साऱ्या उलाढालींत मंडळीने कोणत्या भाषेत, कोणत्या आवाजात बोलायचे हा प्रश्न कोठे ना कोठे होताच.

आता त्या खोलीविषयी. मास्तर निवृत्त झाले आणि गावी गेले. उपासना आता एक तरुण चालवितो. गळा गोड, मन निर्मळ. मास्तरांच्या प्रार्थना कधीकधी कंटाळवाण्या लांबत, याच्या तशा लांबत नाहीत. त्याने ध्वनिवर्धक आणला, वाद्य आणले, भिंतीवर गीताचे शब्द दाखविण्याची सोय केली. तरुण मुले येऊ लागली, हेही खरे. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी गीत मध्यावर असताना वीज गेली. भिंतीवरचे शब्द गेले, वाद्य थांबले, आणि खोलीत एकट्या त्याचा आवाज उरला. दुसरा आवाज नव्हताच. केव्हापासून नव्हता, हे ध्वनिवर्धकामुळे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तोही दोन ओळींनंतर थांबला. मी मागे वळून पाहिले. चारांपैकी तीन म्हाताऱ्या होत्या, एकीने मला हळूच विचारले, “झालं का बाबू?”

त्या तरुणाला मी दोष देत नाही, कारण तो दोष माझ्याही घरी आहे. शाळेच्या परिपाठाला ‘हात जोडा, डोळे मिटा’ असे मी इतकी वर्षे ओरडत आलो; स्वतःचे डोळे मी कधी मिटले नाहीत. मुलांवर नजर ठेवणे हे माझे काम, अशी समजूत. चालविणाऱ्याला अर्धे मन बाहेर ठेवावेच लागते: पुढचे गीत कोणते, कोण उशिरा आले, कोणाला धाप लागली आहे. पण उरलेले अर्धे आत नसेल, तर तो कितीही ‘आम्ही’ म्हणो, ऐकणाऱ्याला ‘तुम्ही’च ऐकू येते. मुले हे फार लवकर ओळखतात.

मी त्या मंडळीचा सभासद नव्हे, तेव्हा सल्ला देण्याचा अधिकार नाही. पण एका रविवारी धीर करून त्याला एवढे म्हटले, की पहिली ओळ तू म्हण, दुसरीला आवाज थोडा कमी कर आणि मागची भिंत ऐकू येते का ते पाहा. तो म्हणाला, “सर, मग सूर सोडतील ते.” मी म्हटले, “सोडू देत.” त्याने अजून तसे केलेले नाही. मी जात असतो.