क्रिस्तपुराण आणि त्याचे श्रोते

पाद्री थॉमस स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणाविषयीं मराठींत आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें बहुतेक दोनच अंगांनीं लिहिलेलें आहे. एका इंग्रज गृहस्थानें इतकी रसाळ मराठी लिहिली याचें कौतुक, हें पहिलें अंग. आणि सतराव्या शतकाच्या आरंभींच्या भाषेचा पुरावा म्हणून ग्रंथांतील शब्दांची व रूपांची छाननी, हें दुसरें. मोगरा, कस्तुरी, मयूर इत्यादि उपमांनीं नटलेली मराठी भाषेची स्तुति सर्वतोमुखीं झाली आहे, आणि बहुसंख्य वाचकांचा या ग्रंथाशीं परिचय तेथेंच सुरू होऊन तेथेंच संपतो. हीं दोन्ही अंगें आपापल्या जागीं योग्य आहेत. तथापि हा ग्रंथ कोणासाठीं रचला गेला, कोणत्या बैठकींत वाचला जावयाचा होता, आणि त्या बैठकींतील मंडळींनीं त्याचें काय केलें, हा प्रश्न त्यामुळें मागें पडला आहे. आमच्या मतें मुख्य प्रश्न हाच होय. बायबलांतील कथा चारचौघांनीं जमून ऐकाव्या, ऐकतां ऐकतां शंका विचाराव्या आणि आपल्या आचरणाचा व श्रद्धेचा त्यांवरून विचार करावा, एवढ्यासाठीं हा ग्रंथ झाला. या दृष्टीनें पाहिलें असतां त्याचे गुण, त्याचे दोष आणि इतिहासांतील त्याचें स्थान, हीं तिन्ही कांहींशीं निराळीं दिसूं लागतात.

प्रथम ठाऊक असलेल्या गोष्टी थोडक्यांत नमूद करतों. स्टीफन्स याचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत इ. स. १५४९ च्या सुमारास झाला. जेसुइत संघांत शिरून तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला, आणि इ. स. १६१९ मध्यें मरण येईपर्यंतचीं जवळ जवळ चाळीस वर्षें त्यानें मुख्यत्वें साष्टी प्रांतांत घालविलीं. त्याचें पुराण रायतूर ऊर्फ राशोल येथील छापखान्यांत इ. स. १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ या सालीं तें पुन्हां छापण्यांत आलें. या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. जोसेफ साल्ढाणा यांनीं हस्तलिखितांच्या आधारें इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें रोमन लिपींतच ग्रंथ पुन्हां प्रसिद्ध केला. देवनागरींत तो आणण्याचें काम श्री. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं पुण्यास केलें, आणि पाद्री कारिदाद द्राग्रो यांची देवनागरी आवृत्ति १९९६ सालीं मुंबईस निघाली. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पैलें पुराण जुन्या करारावर असून त्यांत ३६ अवस्वरू व ४,१८१ ओव्या आहेत; दुसरें पुराण नव्या करारावर असून त्यांत ५९ अवस्वरू व ६,७८१ ओव्या आहेत. एकूण ओव्या १०,९६२ होतात.

आतां ग्रंथाच्या उत्पत्तीविषयीं ग्रंथकार स्वतःच पहिल्या अवस्वरांत काय सांगतो तें पाहूं. साष्टींतील देवळांत दोत्रिनीचा, म्हणजे धर्मोपदेशाचा, पाठ चालला असतां एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीस विनंति करतो. तिचा आशय असा कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं आम्हांस वर्ज्य केलीं हें ठीक. परंतु त्यांच्या जागीं वाचण्यास व काल घालविण्यास दुसरें कांहीं आपल्या भाषेंत कां करीत नाहीं? या मागणीचें उत्तर म्हणजे पुढील सारा ग्रंथ. पुराणांत सूतास शौनकादिकांनीं प्रश्न करावा आणि तेथून कथेचा ओघ चालू व्हावा, ही रीत आपल्या परिचयाची आहे. स्टीफन्सनें तीच रीत उचलली, एवढ्यावरच बहुतेक टीकाकार थांबतात. आम्हांस मात्र येथें थांबतां येत नाहीं, कारण या प्रश्नाच्या पाठीशीं केवळ काव्यसंकेत नसून साष्टींतील त्या वेळची प्रत्यक्ष परिस्थिति उभी आहे.

ती परिस्थिति कशी होती? इ. स. १५६७ मध्यें गोव्यास भरलेल्या धर्मसभेनें हिंदूंचे धर्मग्रंथ व विधि यांविरुद्ध कडक ठराव केले होते. साष्टींतीलच कुंकळ्ळी येथें १५८३ सालीं पांच जेसुइत पाद्री मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून गांवच्या प्रमुखांस दग्यानें ठार मारण्यांत आलें. या दोन्ही गोष्टी घडल्या तेव्हां पुराण ऐकणाऱ्या पिढीचे आईबाप हयात असले पाहिजेत. स्टीफन्स तर १५८३ सालीं स्वतः त्याच प्रांतांत होता. ज्यांच्या घरांतून रामकथा व कृष्णकथा उठून गेल्या, अशा लोकांच्या तोंडीं वरील मागणी घातली आहे. यामुळें या प्रसंगाकडे पाहण्याचे दोन एकांगी मार्ग संभवतात. एक पक्ष म्हणेल कीं, लोकांनीं आपण होऊन ख्रिस्तकथा मागितली, सबब हा ग्रंथ उत्कंठेचें फळ होय. दुसरा म्हणेल कीं, लेखणी पाद्रीच्या हातीं होती, तेव्हां प्रश्नकर्ताहि त्यानेंच उभा केला. सबब हें सारें सक्तीचें आवरण होय. इतिहासाच्या अभ्यासकानें यांपैकीं एकहि मत पुराव्यावांचून स्वीकारूं नये. मागणी शब्दशः तशीच झाली असें धरण्यास आधार नाहीं. परंतु पाद्रीनें ती ग्रंथांत लिहून ठेविली, आणि आपणच निर्माण केलेल्या एका उणीवेची कबुली त्या निमित्तानें दिली, हें लहान नव्हे. लोकांचें कांहीं तरी गेलें आहे, आणि तें नुसत्या प्रश्नोत्तरांच्या पाठांतरानें भरून निघत नाहीं, हें त्यास दिसलें होतें.

म्हणूनच त्यानें बायबलाचें भाषांतर केलें नाहीं, पुराण रचलें. येथें काळाचीहि एक मर्यादा लक्षांत घेतली पाहिजे. ट्रेंट येथील धर्मपरिषद इ. स. १५६३ मध्यें आटोपली, आणि पुढच्याच वर्षीं निघालेल्या नियमांनीं देशी भाषेंतील बायबल वाचण्यास धर्माधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक ठरविली. साष्टींतील शेतकऱ्याच्या अथवा कुळकर्ण्याच्या हातीं मूळ ग्रंथ पडण्याचा संभव नव्हता. त्याचें बायबल म्हणजे कानांनीं ऐकलेली ही ओंवी. गद्य प्रस्तावनेंत स्टीफन्स सांगतो कीं, देवाच्या गोष्टी बोलण्यास या देशींच्या भाषांत मराठी योग्य दिसली. परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नसल्यामुळें जुन्या कवींचे पुष्कळ शब्द सोडून ब्राह्मणांच्या कोंकणी बोलींतील सोपे शब्द मिसळले आहेत. भाषाशास्त्रज्ञ या वाक्याचा उपयोग मराठी-कोंकणीच्या वादांत करतात. आम्हांस त्यांत बैठकीची चिंता दिसते. शेवटच्या रांगेंत बसलेल्या श्रोत्यास कळलें कीं नाहीं, या काळजीनें भाषा ठरविणारा हा कवि आहे.

हीच काळजी ग्रंथाच्या घडणींत सर्वत्र दिसून येते. आरंभीं आपल्या कवींच्या रीतीप्रमाणें नमन आहे. फरक इतकाच कीं तें त्र्येक परमेश्वरास आहे. स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे. मधून मधून श्रोत्यांच्या शंका घालून त्यांचें निरसन केलें आहे, आणि कथा संपतांच तिचें तात्पर्य ऐकणाऱ्याच्या नित्य आचरणाशीं जोडून दिलें आहे. पैलें पुराण हें दुसऱ्याची पूर्वतयारी म्हणून सांगितलें असल्यामुळें आदामाचें पतन ऐकतांना श्रोत्यास पुढें येणाऱ्या तारकाची वाट पाहावीशी वाटते, आणि ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा ऐकतांना मागील सर्व कथा आठवतात. दहा हजारांवर ओव्या एका बैठकींत ऐकावयाच्या नसतात. त्या आठवड्यामागून आठवडा, सणामागून सण ऐकावयाच्या असतात. आणि मधल्या दिवसांत मनांत घोळवावयाच्या असतात. पोथी लावण्याची जी पद्धति आपल्याकडे घरोघर होती, तिचेंच हें रूप होय. एकट्या वाचकास जी पुनरुक्ति कंटाळवाणी वाटते, ती मागील बैठकीस गैरहजर असलेल्या श्रोत्यासाठीं आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे ग्रंथाच्या लांबीविषयींचे पुष्कळसे आक्षेप गळून पडतात.

सर्वच आक्षेप मात्र गळून पडत नाहींत. जेथें स्टीफन्स कथा सांगतो तेथें ओंवी सहज वाहते. जेथें तो जुन्या देवांचें खंडन करूं लागतो तेथें तीच ओंवी कोरडी पडते. याचें कारण आमच्या समजुतीप्रमाणें असें आहे. कथेंत तो श्रोत्यांच्या शेजारीं बसलेला असतो. खंडनांत तो व्यासपीठावर चढतो. दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. ग्रंथांत शंका विचारणारा उत्तर मिळतांच तृप्त होतो. उत्तरानें समाधान न होतां पुन्हां विचारणारा, किंवा गप्प राहून मनांत अढी धरणारा श्रोता या पुराणांत सांपडत नाहीं. ज्या प्रांतांत कुंकळ्ळीचें प्रकरण होऊन फार वर्षें झालीं नव्हतीं, तेथें असे श्रोते नसतील हें संभवत नाहीं. चिंतनास शंका लागते, आणि शंकेस अभय लागतें. स्टीफन्सनें आपल्या श्रोत्यांस भाषा दिली, छंद दिला, विचारण्याची जागा दिली. तें अभय देणें त्या सत्तेखालीं त्याच्याहि हातीं नव्हतें. त्याच्या ग्रंथाची खरी मर्यादा येथें आहे.

असें असूनहि श्रोत्यांनीं हा ग्रंथ आपला केला, आणि याचा पुरावा ग्रंथकाराच्या शब्दांवर अवलंबून नाहीं, म्हणून तो अधिक मोलाचा. १६१६ ते १६५४ या ३८ वर्षांत तीन आवृत्त्या निघाल्या. छापील प्रति नाहींशा झाल्यावर लोकांनीं त्या हातानें उतरून घेतल्या. साल्ढाणा यांस मंगळुराकडे मिळालीं तीं हस्तलिखितें अशींच जपलेलीं होतीं. टिपू सुलतानानें इ. स. १७८४ मध्यें कानडा प्रांतांतील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणाकडे नेलें. १७९९ मध्यें सुटका होईपर्यंतच्या त्या बंदिवासांत याच पुराणाच्या पठणानें त्यांनीं धर्म टिकविला, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. तेथें ना देऊळ होतें ना पाद्रीची सत्ता. बैठक मात्र होती. परंपरा म्हणजे दस्तऐवज नव्हे हें आम्ही जाणतों. परंतु एका समाजानें आपल्या संकटकाळाशीं कोणता ग्रंथ जोडून ठेविला, हें सांगण्यास ती पुरेशी आहे.

दुसरा पुरावा लिपीचा. स्टीफन्सनें इ. स. १६०८ मध्यें रोमास पाठविलेल्या पत्रांत या देशाच्या भाषेंत व लिपींत छापण्याची अनुज्ञा मागितली होती; अक्षरें जुळवून लिहिलीं जात असल्यामुळें सुमारें ६०० सांचे लागतील ही अडचणहि त्यानें तेथेंच नमूद केली. तें साधलें नाहीं, व ग्रंथ रोमन लिपींत निघाला. परंतु लंडन येथें मार्सडेन संग्रहांत देवनागरी लिपीची एक पोथी आहे, व तिजकडे जस्टिन ॲबट यांनीं १९२५ च्या सुमारास विद्वानांचें लक्ष वेधलें. रोमन पाठांत जेथें लॅटिन व पोर्तुगीज शब्द आहेत, तेथें या पोथींत पुष्कळदां संस्कृत शब्द आढळतात. यांपैकीं मूळ पाठ कोणता याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. वाद कसाहि सुटो. एकाच कथेचे दोन पेहराव झाले, आणि त्यांतील एक परकी शब्द टाकणाऱ्या वाचकांसाठीं होता, एवढें निश्चित आहे.

यापुढें राजसत्तेनें काय केलें तें प्रसिद्ध आहे. २७ जून १६८४ रोजीं पोर्तुगीज व्हाइसरॉय कौंट ऑफ आल्व्होर यानें फर्मान काढून देशी भाषा सोडण्याची व पोर्तुगीज बोलण्याची सक्ती केली. ज्या भाषेंत देवाचें वर्णन करणें स्टीफन्सला योग्य वाटलें, तीच भाषा सत्तर वर्षांच्या आंत राज्यकर्त्यांस अडचणीची झाली. प्रथम लोकांचीं पुराणें गेलीं. मग त्यांच्या जागीं दिलेल्या पुराणाची भाषाहि नकोशी झाली.

शेवटीं एक तुलना करून हा लेख आटोपतों. कोंकणांतच जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं इ. स. १८९५ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांनीं आरंभिलेलें ख्रिस्तायन १९१९ मध्यें त्यांच्या निधनामुळें अपुरें राहिलें, तें लक्ष्मीबाई टिळक यांनीं पूर्ण केलें. विषय तोच, ओंवीचा मार्गहि परंपरागत. परंतु येथें मराठी छापील बायबल घरांत होतें, आणि प्रश्न ज्याचा लेखणीहि त्याचीच होती. साष्टींतल्या त्या ब्राह्मणानें मागितलेलें पुराण दुसऱ्यानें लिहून दिलें. टिळक दंपतीनें आपलें आपण लिहिलें. दोहोंमधील तीन शतकांत मराठी ख्रिस्ती श्रोता मागणाऱ्याचा रचणारा कसा झाला, हा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाहीं. तो लिहावयाचा तर क्रिस्तपुराणाच्या उपलब्ध हस्तलिखितांचे पाठ शेजारीं शेजारीं मांडून, त्यांतील श्रोत्यांच्या शंका वेगळ्या काढून, कोणत्या शंका कोणत्या प्रतींत राहिल्या, बदलल्या वा गळल्या याची तपासणी झाली पाहिजे. ग्रंथाच्या भाषेवर जेवढे श्रम झाले, त्यांच्या चतुर्थांश श्रम जरी या कामीं खर्चिले गेले, तरी जमून ऐकणाऱ्या त्या मूक मंडळीचा आवाज थोडाबहुत कानीं येईल, अशी आमची खात्री आहे.