आईचा जन्म कुठला?

अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळांचं जन्माच्या वेळचं सरासरी वजन गोऱ्या बाळांपेक्षा कमी भरतं. गरिबी, शिक्षण, तपासण्या यांचा हिशेब करूनही हा फरक पुरता मिटत नाही. मग उरलेला फरक आनुवंशिक असणार, असं पुष्कळ जण धरून चालत. हे गृहीतक तपासणारा रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स यांचा लेख १९९७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. सरासरी शिकवणाऱ्यांनी तो आजही वाचावा, असं आम्हाला वाटतं.

त्यांची युक्ती साधी आहे. इलिनॉय राज्यातल्या १९८० ते १९९५च्या जन्मनोंदींतून त्यांनी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत जन्मलेल्या मातांची ३१३५ बाळं वेगळी काढली. अमेरिकी कृष्णवर्णीयांत युरोपीय वंशाची काही मिसळ झालेली आहे, या स्थलांतरितांत ती जवळजवळ नाही. दोष जनुकांचा असता, तर यांचीच बाळं सर्वांत हलकी भरायला हवी होती. प्रत्यक्षात सरासरी निघाली ती अशी: गोऱ्या अमेरिकी मातांची बाळं ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेत जन्मलेल्या मातांची ३३३३, आणि अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांची ३०८९.

'वेळेवर दवाखान्यात जात नसतील' ही शंका तर ठरलेलीच. शिकलेल्या, विवाहित, पहिल्या तिमाहीतच तपासणी सुरू केलेल्या माता तेवढ्या घेतल्या, तरी अडीच किलोच्या आतली बाळं गोऱ्यांत २.४ टक्के, आफ्रिकेतून आलेल्यांत ३.६ आणि अमेरिकी कृष्णवर्णीयांत ७.५ टक्के होती.

एक जागा मात्र कच्ची राहते. परदेशी पोचणारी माणसं बहुधा मुळातच धडधाकट असतात. मग हा गुण आफ्रिकेचा की निवडीचा? याच गटानं २००२ साली पुढची पिढी तपासली. युरोपातून आलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या लेकींना झालेली बाळं त्या लेकींच्या स्वतःच्या जन्मवजनापेक्षा सरासरीनं भारी होती. आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांच्या बाबतीत ती हलकी. सगळा खेळ निवडीचा असता, तर दोन्हीकडे उतारच दिसायला हवा होता. हा पुरावा आम्हाला पहिल्या लेखापेक्षाही वजनदार वाटतो.

आमची खरी तक्रार वेगळीच आहे. 'कृष्णवर्णीय' हा एकच रकाना फोडणाऱ्या या लेखकांनी 'आफ्रिका' हा रकाना मात्र तसाच ठेवला. शिकायला आलेली नायजेरियन स्त्री आणि युद्धातून जीव वाचवून आलेली निर्वासित स्त्री यांचा आहार, विमा, डॉक्टरशी बोलायची भाषा, काहीच सारखं नसतं. ३३३३ ग्रॅम या सरासरीत त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या, तर कुणाचं बाळ किती वजनाचं होतं, हे शोधायला मूळ नोंदींकडेच परत जावं लागेल.